पिसांवरून कळत नाही

प्रिय ताई,

हे पत्र मी किती दिवस टाळतोय ते विचारू नकोस. आधी पेन मिळत नव्हतं. पेन मिळालं तर कागद एका कोंबडीने टोचून फाडला. मग कागद मिळाला, तर हात इतके भरून आले होते की तुझं नाव लिहूनच थांबलो. आज सकाळचं काम आटोपलंय, शेडच्या सावलीत खाद्याच्या पोत्यावर बसलोय, मांडीवर अंड्यांचा रिकामा ट्रे उपडा घेतलाय आणि त्यावर कागद ठेवलाय. अक्षर खालीवर झालं तर तो ट्रेच्या खळग्यांचा दोष. आता एकही सबब उरलेली नाही. फोन करता आला असता, पण फोनवर तू माझ्या नुसत्या 'हॅलो'तून सगळं ओढून काढतेस. उसवलेल्या शिवणीचा एक दोरा हाती लागला की तू अख्खी बाही मोकळी करतेस, तसं. पत्रात निदान भरकटायला जागा असते. आणि भरकटणं हे एकच काम मला नीट जमतं, हे तू आपल्या शिवणाच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलेलंच आहे.

तुझी खोली डोळ्यांसमोर आहे. खिडकीला जाळी, त्या जाळीपलीकडे पाण्याच्या टाक्या, आणि तू उशीला टेकून नर्सच्या बाहीचं बटण तुटायला आलंय असं तिला सांगतेयस. मागच्या खेपेला आलो तेव्हा तू मास्कमधून मला विचारलंस की नीट जेवतोस ना, सिगारेट सोडलीस ना, आणि वर म्हणालीस, की आता तुझी तब्येत तुझी राहिली नाही, अर्धी माझी आहे. मी हसलो. चष्मेवाल्या डॉक्टरांनी आपल्याला समजावलेलं मला जेवढं कळलं ते एवढंच, की हाडांच्या आत जो मगज रक्त बनवतो तो तुझा थकलाय, त्याने काम सोडलंय, आणि दुसऱ्या कुणाचा जुळणारा मगज तुझ्या अंगात घातला तरच गाडं पुढे सरकेल. बाटल्यांतून रक्त चढवून किती दिवस काढायचे. नावं नोंदवलेल्या अनोळखी दात्यांमध्ये त्यांनी शोधलं, तिथे अजून कुणी सापडलं नाही. मग त्यांनी विचारलं, भावंडं किती. तू म्हणालीस, एक भाऊ. मी शेजारीच उभा होतो. बाही वर केली आणि रक्त दिलं.

तुला खात्री होती. खरं तर सगळ्यांनाच होती. इस्त्रीवाल्या मावशी तर मला आणि तुला शेजारी उभं करून म्हणायच्या, एकाच साच्यातून काढलीयत दोघं. तेच नाक, तीच वाकडी करंगळी, चिडल्यावर कानाची पाळी लाल होणं तेच. तेव्हा तुझं जुळेल तर माझ्याशीच, त्यात तपासायचं काय, असाच आपला हिशेब. डॉक्टर म्हणाले थांबा, कळवतो, आणि मी परत इथे कामावर आलो. इथे म्हणजे कोंबड्यांच्या फार्मवर. तुला मी सांगितलं होतं की पॅकिंगचं काम आहे. पॅकिंग पहिला आठवडाच होतं. नंतर मुकादमाने माझी उंची बघून मला मागच्या शेडला लावलं, आणि तिथपासून माझी खरी दमछाक सुरू झाली.

मागच्या शेडचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथे पुढच्या तीन शेड आहेत, त्यातल्या कोंबड्या सगळ्या पांढऱ्या, सारख्या, मोजक्याच कोंबड्यांच्या एका घराण्यातल्या. वर्षानुवर्षं जास्त अंडी देणाऱ्याच निवडून त्यांचीच पिलावळ वाढवत नेली, म्हणून अंडी भरपूर देतात. आणि मागची शेड आहे आमच्या डॉक्टरीणबाईंची. त्या कोंबड्यांच्या डॉक्टर. माझ्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात, पण गंबूट घालून चालतात तेव्हा रिटायर व्हायला आल्यासारख्या वाटतात. त्यांनी आपल्या शेडमध्ये चार ठिकाणांहून आणलेल्या कोंबड्या ठेवल्यात. तपकिरी, काळ्या, ठिपक्यांच्या, एक तर मान उघडी असलेली, जिला मुकादम 'साहेब' म्हणतो. अंडी देण्यात सगळ्या आळशी. मुकादम या शेडला भंगाराचं दुकान म्हणतो आणि बाईंना ते ऐकू जाईल अशा बेताने म्हणतो.

या वर्षी पुढच्या शेडमध्ये रोग शिरला. ताई, तुला हे सांगू नये, पण सांगतो. सकाळी दार उघडलं की एखादीचा पंख लोंबलेला दिसायचा. दुसऱ्या दिवशी तिचा एक पाय पुढे आणि एक मागे ताणलेला, जणू पळता पळता कुणी तिला तिथेच थांबवलंय. डोळे उघडे. खाद्य समोर असून तिथवर पोचता येत नाही. लहानपणीच सगळ्यांना लस टोचलेली, तरी हे. बाई म्हणाल्या, की लशीने पुष्कळशा वाचतात, पण रोग आतल्या आत फिरत राहतो आणि फिरता फिरता बदलत राहतो. मेलेल्या पोत्यात भरून खड्ड्याकडे न्यायचं काम माझं. पहिले काही दिवस जेवण गेलं नाही. नंतर गेलं, आणि ते जास्त वाईट वाटलं. मागच्या शेडमध्ये मात्र तीच हवा, तेच पाणी, तोच मी त्याच बादल्या घेऊन फिरणारा, तरी तिथे अधूनमधून एखादीच लोळायची. साहेब तर माझ्या बुटाची लेस ओढत मजेत फिरत असायची.

आता माझा पराक्रम ऐक. मागच्या शेडमधल्या प्रत्येक कोंबडीच्या पायात रंगीत प्लास्टिकची कडी असते. लाल, निळी, पिवळी, हिरवी. रक्त तपासून कुठली कोंबडी कुठल्या गटातली ते ठरवायचं आणि तशी कडी घालायची, हे बाईंचं काम. मला वाटायचं गट म्हणजे जात. एका आठवड्यात मी पाहिलं, की कोंबड्या वाढल्यात आणि कड्या त्यांच्या पायात रुतायला लागल्यात. मला दया आली. बाई गावाला गेल्या होत्या. मी कातरीने पटापट सगळ्या कड्या कापल्या आणि आणलेल्या मोठ्या कड्या घालायला बसलो. कुणाला कुठली, हे त्यात काय अवघड? तपकिरीला लाल, काळीला निळी, ठिपकेवालीला पिवळी, आणि उरलेल्यांना हिरवी. एका दुपारीत काम फत्ते. इतकं नीटनेटकं दिसत होतं की मी मुकादमाला बोलावून दाखवलं, आणि त्यानेही आयुष्यात पहिल्यांदा माझी पाठ थोपटली.

बाई आल्या, दारात उभ्या राहिल्या, आणि मग बादली उपडी करून तिच्यावर बसल्या. ओरडल्या नाहीत. ओरडायचंही त्राण नव्हतं त्यांच्यात. एवढंच म्हणाल्या, "पिसांवरून कळत नाही रे बाबा. पिसांचा रंग एकीकडे लिहिलेला असतो, हा गट दुसरीकडे." मग उठल्या, हात धुतले, आणि आम्ही सगळ्या कोंबड्यांचं रक्त पुन्हा काढायला बसलो. मी कोंबडी कुशीत धरायची, पंख उघडायचा, बाईंनी पंखाखालची निळी शीर शोधायची. माझे हात भरून आले होते ते यामुळे. तासन्‌तास हेच चाललं, आणि एकदा माणूस शेजारी बसला की किती वेळ गप्प बसणार. मी विचारत गेलो, त्या सांगत गेल्या. मला शाळेत जे कधी शिरलं नाही ते कोंबड्या धरून शिरलं. माझ्या मास्तरांना सांग.

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर माझं. अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या बाहेर बारीक बारीक बश्या मांडलेल्या असतात. आत काय चाललंय त्याचा एकेक तुकडा त्या बशीत ठेवून बाहेर धरायचा, एवढंच त्यांचं काम. रक्तातले पहारेकरी फिरत असतात, ते बशीत डोकावतात. घरचाच तुकडा असला तर पुढे जातात. रोगजंतूचा तुकडा दिसला तर ती पेशीच मारून टाकतात. आता गंमत अशी, की प्रत्येक बशीचा आकार वेगळा आणि एका बशीत सगळेच तुकडे बसत नाहीत. जो तुकडा तुझ्या एकाही बशीत बसत नाही, तो रोग तुझ्या घरात उजळ माथ्याने फिरतो. म्हणून बश्या जितक्या तऱ्हेच्या तितकं बरं. काही आईकडून येतात, काही बापाकडून, आणि कड्यांचे रंग म्हणजे याच बश्यांचे गट. पुढच्या शेडमधल्या कोंबड्यांचे आईबाप इतके एकमेकांसारखे की सगळ्यांकडे त्याच त्या बश्या. रोगाला एकदा त्या चुकवता आल्या की झालं, सगळ्या शेडचं दार एकाच किल्लीने उघडतं.

मी विचारलं, मग इतक्या तऱ्हा आल्या कुठून. बाई म्हणाल्या, चुकांतून. हे मला फार आवडलं. तुला कळेल असं सांगतो. तू शर्टाचं कटिंग एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवतेस, आणि तो कागद झिजला की त्यावरून तिसऱ्यावर. प्रत्येक वेळी खडू कुठेतरी सुताएवढा सरकतो. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. कधी खांदा पार बिघडतो आणि कापड फुकट जातं. आणि आठवतं, एकदा तुझा खडू सरकून काखेत जास्तीची ढिलाई राहिली, तू वैतागून तो शर्ट खुंटीला टांगलास, आणि तो त्या वाकड्या खांद्याच्या हमालाला असा बसला की त्याने मग आयुष्यभर तेच माप धरलं? अंगातही तसंच. पिढी पुढे जाताना बश्यांचं कटिंग उतरवलं जातं, आणि अधूनमधून खडू सरकतो. मुद्दाम कुणी करत नाही. बहुतेक चुका वाया जातात. एखाद्या चुकीतून अशी बशी होते की जी नव्या रोगाचा तुकडा अचूक पकडते. मग रोगाची साथ येते, पुष्कळ मरतात, त्या बशीवाले थोडे जास्त जगतात, त्यांना पोरं होतात, पोरांकडे ती बशी जाते.

मला वाटलं संपलं, आता सगळ्यांकडे तीच बशी आली की निवांत. बाई हसल्या, पण थकून. म्हणाल्या, निवांत कुणीच नाही. ती बशी सगळीकडे झाली की रोगालाही तिला चुकवायची सवय होते, कारण त्याचाही खडू सरकतच असतो, आपल्यापेक्षा कितीतरी जोरात. मग ज्याच्याकडे कुणाकडेच नसलेली बशी आहे तो तरतो. पुढे तीही सगळीकडे पसरते, आणि पुन्हा तेच. म्हणून कुठलीही एक जिंकत नाही आणि कोंबड्यांत शेकडो तऱ्हा टिकून राहतात, माणसांत तर हजारो. ताई, हे ऐकून मला कुणीतरी पाठीवर पोतं ठेवल्यासारखं झालं. म्हणजे आपल्या आधीची सगळी माणसं अशीच पळत आली, आणि अजून कुठे पोचलेली नाहीत. मला वाटायचं, घरात फक्त मीच पळतोय. पायाला भिंगरी म्हणून तू नाव ठेवलंस ते मला एकट्याला.

आणि मग, कोंबडी धरलेली असताना, मला तो तापाचा महिना आठवला. आठवायचा नव्हता. आपल्या त्या दोन खोल्या, एकाच सतरंजीवर आई, तू आणि मी, तिघंही तापाने फणफणलेले. मी किती लहान होतो, मला फक्त छताचा पंखा आठवतो आणि ओला फडका. तो फडका बदलणारा हात दादाचा होता. अख्ख्या घरात तो एकटा उभा होता. त्याला एक शिंकसुद्धा आली नाही. पाणी तो भरत होता, पेज तो करत होता, भांडी, आईची चादर, सगळं. लिफ्टच्या कामावर नुकता लागला होता, ते काम त्याने त्या महिन्यात घालवलं. आणि आई गेली. आई गेली त्याच आठवड्यात, तुझ्या अंगात अजून ताप होता, उभं राहिलं की तुझा तोल जात होता, तेव्हा तू त्याला म्हणालीस, "तुला कसा ताप येईल? तू आमच्यातला नाहीसच." दादाने हातातलं भांडं घासून पालथं घातलं आणि घर सोडून गेला. आधीपासून त्याचं नाक वेगळं, रंग वेगळा, उंची वेगळी, स्वभाव मुका. कुणावर गेलाय कळत नाही, असं सगळे म्हणायचेच. तुझ्या त्या वाक्याने ते शिवून पक्कं झालं.

मी तुला बोल लावत नाही. तुझ्या जागी मी असतो, ती सतरंजी, तो ताप आणि आई, तर मी भांडं फेकून मारलं असतं. मी फक्त हे सांगतोय, की मी बाईंना विचारलं. कुणाचं नाव न घेता विचारलं, एका घरात तिघं तापाने पडली आणि चौथा पडला नाही, असं का होत असेल. त्या म्हणाल्या, कशानेही. कदाचित त्याच्या बश्या वेगळ्या असतील. कदाचित लहानपणी तसाच काही ताप त्याला आधी येऊन गेला असेल. कदाचित नुसतं नशीब. एका घरात राहून सगळे सारखे पडले असते तर घरंच्या घरं उरली नसती, असं त्या म्हणाल्या. मग मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, भावंडांचं कसं ठरतं, कुणाचं कुणाशी जुळतं. त्यांनी सुई बाजूला ठेवली आणि शेडच्या जमिनीवर, भुशात, काडीने रेघा काढल्या. आईकडे बश्यांचे दोन संच, बापाकडे दोन. प्रत्येक पोराला आईचा एक आणि बापाचा एक. कुठला, ते कुणी ठरवत नाही. दोघा भावंडांत दोन्ही संच तेच निघाले तर पुरतं जुळलं. चारांत एकदा तसं होतं. दोनदा एकच संच सारखा निघतो, त्याला अर्धं जुळणं म्हणतात, आणि हल्ली अर्ध्यावरही डॉक्टर काम करतात. आणि चारांत एकदा दोन्ही वेगळे. म्हणजे आईबाप तेच, घर तेच, आणि या एका बाबतीत भावंडं शेजारच्या गल्लीतल्या माणसांइतकी परकी. चेहऱ्याचा संबंध नाही, असं त्या पुन्हा म्हणाल्या, आणि कोंबडी मागितली. मी दिली. रक्त काढून झालेलीच पुन्हा दिली, त्यांना वाटलं दमलो.

कारण डॉक्टरांचा फोन त्याआधीच येऊन गेला होता. कड्या कापल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. चष्मेवाले चांगले आहेत, त्यांनी आडवळणं घेतली नाहीत. माझं तुझ्याशी काहीच जुळत नाही, ताई. पुरतं नाही, अर्धंही नाही. आईचा जो संच तुझ्याकडे गेला त्याच्याऐवजी दुसरा माझ्याकडे, बाबांचंही तसंच. माझ्या नाकाचा, करंगळीचा, लाल होणाऱ्या कानाचा तुला काडीचा उपयोग नाही. माझा मगज तुझ्या अंगात घातला तर माझे पहारेकरी तुझ्याच बश्या परक्या समजून तुलाच मारत सुटतील. डॉक्टर तुला सांगणार होते, मी म्हटलं मी सांगतो, मला थोडा वेळ द्या. त्यांनी दिला, आणि तो मी कोंबड्या धरण्यात घालवला. ज्या वेगळेपणाने आपल्या आधीची माणसं एकेका साथीतून निसटत आली, तेच वेगळेपण आज तुझ्या माझ्यामध्ये येऊन उभं राहिलंय, आणि त्याला शिव्या तरी कशा द्यायच्या. तू मला वाढवलंस. माझे शर्ट तू माझ्या अंगावर न मापता शिवतेस, आणि ते बसतात. मला वाटलं होतं, एकदा तरी माझं काहीतरी तुला बसेल.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. तू डॉक्टरांना एक भाऊ सांगितलास. तुला दोन आहेत. मला सांगितलं होतंस की त्याच्या दारात गेलास तर माझ्या दारात येऊ नकोस. मी त्याच्या दारात गेलो नाही. मी फोन केला. फोन वहिनीने उचलला, मग त्याला दिला. मी सगळं एका दमात सांगितलं, तुझं, माझं, बश्यांचं, चारांत एकदाचं, आणि थांबलो. तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला. त्याचं 'बरं' तुला माहीतच आहे. दुकानात बस म्हटलं की बरं, अभ्यास कर म्हटलं की बरं, आणि ती गोष्ट त्याने कधी केली नाही. त्यालाही आता काही दिवस झाले, पुन्हा काही आवाज नाही. मी आशा सोडलीय. म्हणून हे पत्र तुझ्याकडे, की तूच त्याला बोलाव. माझ्याने नाही होत. कदाचित त्याचंही जुळणार नाही, ताप आला नाही म्हणून ना जुळेल ना बिघडेल, दोन्हींचा संबंध नाही. पण आपण घरातल्या घरात माझीच चूक केली. तुझा दाता आपण पिसांवरून ठरवला, आणि खरी कडी ज्याच्या पायात असेल त्याला शेडबाहेर ठेवला. तू फक्त डॉक्टरांना त्याचं नाव सांग, एवढंच मागायला बसलोय.

इथपर्यंत लिहून सही करणार, तेवढ्यात मुकादम हाका मारत आला, की गेटवर तुझा कोण पाहुणा आलाय, आत सोडलं नाही. इथे रोगाच्या भीतीने बाहेरच्याला बूट औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय आत येऊ देत नाहीत. जाऊन बघतो तर तो त्या पाण्यात घोट्यापर्यंत उभा, बूट न काढता, खांद्याला अवजारांची पिशवी, एक बाही वर सरकवलेली. कोपराच्या खळीत कापसाचा बोळा आणि त्यावर चिकटपट्टी. सकाळी तुझ्या हॉस्पिटलात जाऊन त्याने डॉक्टरांना सांगितलं, की तिचा दुसरा भाऊ मी, आणि रक्त देऊन आला. तुझ्या दाराच्या काचेतून बघून आला, तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "तायडीला कळव, मी तुमच्यातला आहे की नाही ते मंगळवारी कळेल." मग खाली बघून त्याने मला विचारलं, की या पाण्यातून आता बाहेर यायचं की नाही. मी त्याला इथेच बसवलाय, माझ्या पोत्यावर, आणि साहेब त्याच्या लेसशी खेळतेय. उरलेलं पत्र आता त्याच्यासमोर बसून लिहितोय. पत्र घेऊन तोच येणार आहे, मंगळवारी, आधी नर्सच्या हाती ते आत पाठवेल आणि स्वतः काचेबाहेर थांबेल. दारावर टकटक झाली तर त्याला परत पाठवू नकोस, मग निकाल काहीही असो.

तुझाच, न जुळलेला,
भिंगरी